चौतिसाव्या किलोमीटरची बस

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहू दे. घरी, कामावर, पळणाऱ्यांच्या गटात तिला सगळे भिंगरीच म्हणतात. नाव आईने ठेवलं. इतरांच्या पायाला मोठेपणी भिंगरी लागते, ही पोटातूनच घेऊन आली, असं ती माउली आल्यागेल्याला सांगायची. आणि ते खोटं नव्हतं. ही बाई उभ्याने जेवते, फोनवर बोलताना घरभर फिरते, सिनेमाला गेली तर मध्यंतरानंतर खुर्चीवर परत येईलच याची खात्री नाही. टायपिंग शिकायला गेली, नव्याचे नऊ दिवस. पोहायला गेली, तेही नऊच दिवस. विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला. नवरा म्हणतो, एका हाताचा माणूस भेटला की देऊन टाकू.

असल्या बाईच्या नशिबी काम कुठलं आलं, तर बसून करायचं. ती कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, आणि शेवटी छोट्या फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायचं. खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर दिवा, समोरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. सतरा वर्षं झाली. दर अर्ध्या तासाने ती उठते, पाणी पिते, उगाच जिन्याने खाली जाऊन वर येते. मालक पूर्वी बोलायचे, आता बोलत नाहीत, कारण तिच्या हातची कवळी तोंडात टोचत नाही.

पळायचं वेड लागलं चाळिशीत. सकाळी गॅलरीत दात घासत होती आणि खालून दहा-बारा माणसं पळत गेली. सगळी तिच्याच वयाची, काही तर चांगली पोट सुटलेली. ही लोकं पुढे जातात आणि आपण इथे फेस गाळत उभ्या, हे तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या मागे होती. त्या गटाचे मुख्य म्हणजे मास्तर, शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेले. यांच्याकडे एक वही. त्या वहीत प्रत्येकाचं नाव, किती पळाला, किती वेळात, मधे कुठे रडला, सगळं.

आता पळणाऱ्या माणसांबद्दल एक सांगायला हवं. ही चांगल्या घरची, शिकलेली माणसं असतात, पण भेटली की “पोट साफ झालं का” हा पहिला प्रश्न. दुसरा, पायाची किती नखं काळी झाली. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची, आणि वर जवळजवळ दोनशे मीटर. त्या वरच्या दोनशे मीटरांबद्दल ही मंडळी जितकं बोलतात, तितकं स्वतःच्या लग्नाबद्दलही बोलत नाहीत. भिंगरी यात अशी रमली, की नऊ दिवस उलटले, नऊ महिने उलटले, तीन वर्षं झाली आणि तिने काही सोडलं नाही. घरच्यांनी विचारायचंही सोडून दिलं, न जाणो तिला आठवण व्हायची.

मास्तरांचा तिच्यासाठी एकच नियम होता. नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पहिल्या मिनिटापासून, पाय ताजे असतानाच.

“दमल्यावर सगळेच चालतात,” मास्तर म्हणायचे. “तू दमायच्या आधी चाल.”

“मास्तर, माणसं पुढे जातात हो.”

“जाऊ देत. तीस किलोमीटरनंतर भेटतील.”

हा नियम तिला जड जायचा. ताज्या पायांनी चालायचं म्हणजे भर रस्त्यात कोणीतरी कान धरून उभं केल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी तिने पहिल्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं. शहरभर रस्ते बंद, हजारो माणसं, सहा तासांची मुदत. या शर्यतीत चौतिसाव्या किलोमीटरला, उड्डाणपुलाच्या पायथ्याशी, एक बस उभी असते. सुरुवात होऊन चार तास पन्नास मिनिटं झाली की तिथे शिट्टी वाजते, दोरी आडवी होते, आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये बसवून शेवटच्या मैदानावर नेऊन सोडतात. लोक या बसला जेवढं घाबरतात तेवढं यमाला घाबरत नाहीत. बसच्या दाराशी शिट्टी घेऊन एक मावशी उभ्या असायच्या. प्रसूतिगृहात तेहतीस वर्षं नर्स होत्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची त्यांची सवय रिटायर झाल्यावरही गेली नव्हती.

भिंगरीने त्या दिवशी काय केलं, तर चालायचं एकही मिनिट पाळलं नाही. वारं प्यायलेल्या वासरासारखी बाविसापर्यंत सुटली. अठ्ठाविसाला पोटऱ्यांत गोळे आले, तिसाला जीव नकोसा झाला. चौतिसाला पोचली तेव्हा चार तास अडतीस मिनिटं झाली होती. शिट्टीला बारा मिनिटं बाकी. बसचं दार उघडं होतं आणि आत रिकाम्या सीटा दिसत होत्या. तिने हात केला.

“अगं, बारा मिनिटं आहेत अजून,” मावशी म्हणाल्या. “इथून चालत गेलीस तरी सहा तासांत पोचशील.”

“नको. मला बसायचंय.”

“नीट ऐक. बारा मिनिटं. हे बघ.” मावशींनी मनगट तिच्या डोळ्यांसमोर धरलं. “घरी गेल्यावर रडशील.”

“चढू द्या हो मला.”

ती चढली, आणि चढता चढता तिने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं. पळणारा माणूस चक्कर येऊन पडला तरी पडता पडता ते बटण दाबतो. तिच्याही नकळत बोट गेलं. मग मावशींनी तिच्या अंगावर चादर टाकली, खाली बसून पोटरी चोळून दिली, आणि बरोबर बारा मिनिटांनी बाहेर जाऊन शिट्टी वाजवली.

मैदानावर मास्तर वही घेऊन उभे होते. काय झालं, त्यांनी विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, भिंगरी म्हणाली, “बसने उचललं.”

तिला वाटलं, संपला विषय. बसने दोनशे जणांना उचललं होतं, त्यात लाज कसली. पण मास्तरांनी तिचं मनगट धरून घड्याळ बघितलं. चौतीस किलोमीटर, चार तास अडतीस मिनिटं. मास्तरांचा चेहरा लाल झाला.

“बारा मिनिटं आधी? वेळ झाली असं सांगितलं तुला त्या बाईंनी?”

इथे खरं बोलायचं होतं. एक वाक्य होतं. तिने बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिने मान हलवली. हलवली म्हणजे होकारार्थी. गटातल्या बायकांनी तिला जवळ घेतलं, अन्याय झालेल्या माणसाला घेतात तसं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला ते बरंही वाटलं.

मास्तरांनी आयोजकांना पत्र लिहिलं. चार पानी, सोबत घड्याळाचा फोटो. महिन्याभराने उत्तर आलं. आयोजकांनी माफी मागितली होती, संबंधित व्यक्तीला बसवरून हटवल्याचं कळवलं होतं आणि भिंगरीला पुढच्या वर्षी विनाशुल्क प्रवेश दिला होता. मास्तरांनी ते पत्र सगळ्या गटासमोर उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या. भिंगरी मूग गिळून गप्प बसली.

मग वर्षभर काय, चोराच्या मनात चांदणं. कोणी नुसतं “बस चुकली” म्हटलं तरी हिच्या हातातलं मेण खाली पडायचं. ती स्वतःला सांगायची, नावबिव कोणाचं घेतलं नाही आपण. एका बाईला वर्षातून एका दिवसाचं, तेही बिनपगारी काम नाही मिळालं, तर काय आभाळ कोसळणार आहे. असं म्हणायची आणि उठून जिना उतरून यायची.

यंदा मात्र तिने चालायचं मिनिट पाळलं. चार महिने, दर रविवारी, उजाडायच्या आधी. वीस, चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस. घड्याळ टुणटुण वाजलं की दात-ओठ खात चालायची. शेजारून माणसं जायची, काही जण “चला ताई, थोडंच राहिलंय” असा धीर द्यायचे. पाचव्या किलोमीटरला. हिला त्यांच्या पाठीत एक घालावीशी वाटायची. पण तिसानंतर तीच माणसं फुटपाथवर बसलेली सापडायची, आणि ही आपली नऊ आणि एक, नऊ आणि एक, करत पुढे. पळताना डोक्यात काय चालतं असं लोक विचारतात. मोठं काही चालत नाही. गॅस बंद केला का, डाव्या मोज्यात खडा आहे का, समोरच्या बाईचा पट्टा सुटलाय ते सांगावं का. आणि मधूनच, काही कारण नसताना, “हे बघ” म्हणून पुढे आलेलं एक मनगट.

शर्यतीआधीचे तीन आठवडे पळणं कमी करायचं असतं. पाय ताजे राहावेत म्हणून. चार महिने रोज पळणाऱ्याला हे तीन आठवडे भारी जातात, आणि ही तर भिंगरी. तिला सोमवारी गुडघा दुखला, मंगळवारी टाच. बुधवारी घसा खवखवला. गुरुवारी गुडघाही दुखेना आणि टाचही, तेव्हा ती जास्तच घाबरली. कामावर एका कवळीचा पुढचा दात जरासा उंच वाटला म्हणून चाकावर धरला, मग शेजारचा मोठा वाटला, तो धरला, असं करत करत पुढचे सहाही दात उंदराच्या दातांएवढे झाले. मालकांनी ती कवळी दिव्याखाली धरून पाहिली.

“ही कोणासाठी केलीस?”

“पुन्हा करते.”

“पुन्हा कर. आणि रविवार एकदाचा होऊ दे, म्हणजे मीही सुटलो.”

शुक्रवारी दुपारी ती छातीवर लावायचा नंबर घ्यायला गेली. मोठा हॉल, रांगा, कर्कश गाणी, बुटांचे स्टॉल. नंबर मिळाला, शर्ट मिळाला, आणि शेवटच्या टेबलावर पिनांची पुडी घ्यायची होती. नंबर चार कोपऱ्यांना चार पिनांनी टाचतात, म्हणून पुडीत चार पिना. टेबलामागे मावशी बसल्या होत्या. भिंगरीने मान फिरवली, पण उशीर झाला होता.

“अगं, पोटरी कशी आहे तुझी?” मावशी म्हणाल्या. “ओळखलंस ना? बसवाली.”

 ओळखलं, भिंगरी म्हणाली.

“बरं झालं भेटलीस. किती दिवस मनात होतं. माझं चुकलं गं. तुझं मेडल माझ्यामुळे गेलं.” मावशींच्या हातात पिना होत्या, त्या बोलता बोलता चार-चार मोजत होत्या आणि पुन्हा मोजत होत्या. “मला अजून आठवतं, मी तुला घड्याळ दाखवलं, बारा मिनिटं आहेत म्हटलं. अगदी डोळ्यांसमोर आहे. पण पत्रात तुझ्या घड्याळाचा फोटो होता. तू कशाला खोटं बोलशील? म्हणजे मीच तुला वेळ झाली म्हणून चढवलं, आणि मागाहून मनाने काहीतरी रचलं. वय झालं, दुसरं काय.”

“मावशी—”

“मुलगा म्हणाला, आई, तुला आता वेळेचं भान राहत नाही. नातू माझ्याकडे असायचा दिवसभर. हे पत्र आलं आणि त्यांनी त्याला पाळणाघरात घातलं. टबात बसवून विसरशील, म्हणाला. चुकलं नाही त्याचं, मीसुद्धा आता गॅस तीन-तीनदा बघते. दीड वर्षाचा झालाय. रविवारी आणतात, पण तो माझ्याजवळ असेपर्यंत सूनबाई खोलीतून हलत नाही.” त्यांनी पुडी पुढे केली आणि आवाज थोडा खाली आणला. “तेहतीस वर्षं मुलांच्या जन्माच्या वेळा मी लिहिल्या, ह्याच हाताने. आता जाग आली की वाटतं, त्या तरी बरोबर लिहिल्या असतील का?”

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी घसा खाकरला.

“माफ केलंस ना मला?” मावशींनी विचारलं.

आणि या बाईने काय म्हणावं? “झालं गेलं, मावशी. जाऊ दे.”

“मोठ्या मनाची आहेस,” मावशी म्हणाल्या, आणि पुडीत आणखी एक पीन टाकली. “रविवारी मी शेवटच्या मैदानावर आहे. बुटावरच्या वेळ मोजायच्या चिप काढायचं काम दिलंय. ये मेडल घेऊन, मला बघायचंय.”

ती हॉलमधून बाहेर पडली आणि घरापर्यंत चालत गेली. सात किलोमीटर. शर्यतीआधी दोन दिवस असं चालणं म्हणजे मास्तरांच्या वहीत पाप, पण तिला रिक्षात बसवलं नसतं. आपण त्या बाईला माफ केलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. वेळ चोरली, अक्कल चोरली, नातू चोरला, आणि वर माफ केलं. तिला स्वतःची किळस आली.

नवरा पुस्तकं बांधायचं काम करतो. घरात पुढच्या खोलीतच त्याचं सामान, पुठ्ठे, खळ, दाबायचं यंत्र. माणूस कमी बोलणारा, बोलला तर तिरकस. ती आली आणि यंत्राभोवती फेऱ्या घालायला लागली. सहाव्या फेरीला तो म्हणाला, “कागद उडतायत.”

“अहो, तुम्हाला एक सांगायचंय. गेल्या वर्षी बसने मला उचललं नव्हतं.”

“माहीत आहे.”

ती थांबली. तो हातातल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत राहिला.

“मी संत्री घेऊन पलीकडच्या कठड्याशी उभा होतो. तू हात केलास. कडेच्या दोरीखालून येईपर्यंत तू चढलीस.”

“मग वर्षभर बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. मग फारच दिवस झाले.” त्याने ब्रश खाली ठेवला. “माझंही चुकलंच.”

तिने मावशींचं सगळं सांगितलं, नातवाचं, जन्मवेळांचं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आत्ता का नाही सांगितलंस, समोर होत्या तर?”

“रांग होती.”

“रांग होती,” तो म्हणाला, आणि पुन्हा ब्रश उचलला. त्या दोन शब्दांनी ती जेवढी पोळली तेवढी चार शिव्यांनी पोळली नसती.

तिने ठरवलं ते असं, की आधी शर्यत पुरी करायची. मेडल गळ्यात पडलं की सांगायचं. मेडल असलं की बोलायला तोंड राहील. आता हे शहाणपण होतं की पळवाट, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

रविवारी साडेपाचला सुटले. अंधारात हजारो बूट एकदम रस्त्यावर पडायला लागले की त्याचा जो आवाज होतो, त्याने दर वेळी तिचे डोळे भरतात. नऊ मिनिटांनी घड्याळ वाजलं, ती कडेला होऊन चालली. नऊ आणि एक. दहा किलोमीटर, पंधरा, एकवीस. लोक गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवत होते, एका म्हाताऱ्याने पातेलं आणून बडवलं. यंदा पाय इतके चांगले होते की तिला भीती वाटत होती. पाय आपल्या मेहनतीचे, पण छातीवरचा नंबर खोटेपणाचा, हा हिशोब दर पाच मिनिटांनी वर येत होता. पंचविसाला तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं. मावशी, त्याचं असं झालं. नको. मावशी, मी फार दमले होते. तेही नको, सगळेच दमतात. बत्तिसापर्यंत तिने वीस वाक्यं केली आणि वीस टाकली. प्रत्येकात कुठे ना कुठे तिची बाजू घुसत होती.

चौतिसाला बस उभी होती. दाराशी एक तरुण, आणि शेजारी टेबलाएवढं मोठं लाल आकड्यांचं घड्याळ. ते गेल्या वर्षी नव्हतं. तक्रारीनंतर आणलं असणार. चार तास एकतीस. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, उजव्या पायाचं नख बुटात सुटलं होतं, आणि बसचं दार उघडंच होतं. कठड्याशी नवरा संत्री घेऊन उभा होता. त्याने फोड पुढे केली. तिने फोड तोंडात टाकली आणि पूल चढायला लागली. पुढचे आठ किलोमीटर तिने कसे काढले याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. थोडी पळाली, जास्त चालली, एका खांबाला धरून उभी राहिली, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर हात टाकून अर्धा किलोमीटर गेली. पाच तास एकोणपन्नास मिनिटांनी तिने शेवटची रेघ ओलांडली, बटण दाबलं, आणि कोणीतरी गळ्यात मेडल घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी पुरं झालं होतं. आनंद झाला तो दहा पावलं टिकला.

कारण दहा पावलांवर मावशी होत्या. छोट्या कात्रीने बुटावरची पट्टी कापायची, चिप काढून पेटीत टाकायची. बेचाळीस किलोमीटर पळालेल्या माणसाला वाकता येत नाही, म्हणून हे काम दुसऱ्याने करायचं असतं.

“आलीस,” मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे पाणावले. “थांब, वाकू नकोस, मी काढते.” आणि सत्तरीला टेकलेली ती बाई भिंगरीच्या पायाशी गुडघ्यावर बसली.

“मावशी, उठा.”

“अगं, एक मिनिट.”

“मावशी, उठा आधी. तुम्ही मला चढवलं नव्हतं. मीच चढले. मी खोटं बोलले.”

कात्री थांबली. मास्तर फोटो काढायला फोन घेऊन पुढे आले होते, ते तिथेच उभे राहिले.

“बारा मिनिटं आहेत, असं मी सांगितलं होतं?” मावशींनी खालूनच विचारलं.

“सांगितलं होतं. दोनदा. घड्याळ दाखवलंत. चालत गेलीस तरी पोचशील म्हणालात. घरी जाऊन रडशील म्हणालात.”

“ते पण मी म्हणाले होते,” मावशी हळूच म्हणाल्या. “ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं.”

मास्तर म्हणाले, “मी चार पानं लिहिली.” त्यांनी भिंगरीकडे असं पाहिलं की तिला वाटलं, थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं. मग ते मावशींपुढे वाकून काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. फोटो राहिला.

मावशींनी चिप काढली, पेटीत टाकली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. कात्री शेजारणीकडे दिली.

“चल.”

“कुठे?”

“माझ्या मुलाला सांग.”

“आत्ता? मी जरा अंग धुऊन, संध्याकाळी—”

“आत्ता,” मावशी म्हणाल्या.

मावशींचं घर मैदानाच्या मागेच होतं, पण तिसऱ्या मजल्यावर; रविवार म्हणून मुलगा-सून पोराला घेऊन आलेले होते. नवरा तिची पिशवी घेऊन जिन्याखाली थांबला. वर येऊ का, असं त्याने नजरेने विचारलं, तिने नको म्हटलं. जिना चढताना भिंगरी कठड्याला लोंबकळत एकेक पायरी घेत होती, आणि मावशी तिच्यासाठी न थांबता वर गेल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी एवढंच सांगितलं, “नुसतं सांग. कारणं देऊ नकोस.”

मुलाने दार उघडलं. कडेवर पोर, खांद्यावर फडकं. घामाने मीठ चढलेली, लंगडणारी बाई बघून तो गडबडला.

“गेल्या वर्षी तुमच्या आईंनी मला बसमध्ये चढवलं नाही,” भिंगरी म्हणाली. “बारा मिनिटं आहेत असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. घड्याळ दाखवलं. मी ऐकलं नाही, मी आपणहून चढले, आणि नंतर खोटं बोलले. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं.”

 मुलाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

“वर्षभर?” त्याने भिंगरीला विचारलं.

भिंगरीने होकारार्थी मान हलवली.

“आई,” तो म्हणाला.

“त्याचं दूध किती वाजता झालं?” मावशींनी विचारलं.

“नऊला.”

मावशींनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. “पावणेबारा झाले. भूक लागली असेल.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मुलाने पोर त्यांच्याकडे दिलं आणि त्या आत गेल्या. आतून सुनेचा आवाज आला, मग मावशींचा, मग भांड्यांचा. मुलगा दारातच उभा होता. भिंगरीला जावं की थांबावं कळेना. तिने भिंत धरली होती.

मावशी बाहेर आल्या तेव्हा एका हातावर नातू होता आणि दुसऱ्या हातात पेला.

“मीठ-साखर घातलंय,” त्या म्हणाल्या. “सावकाश पी. आणि परत या दारात येऊ नकोस.”

भिंगरीने पेला घेतला आणि उंबऱ्याबाहेर उभ्याने, सावकाश, सगळं पाणी प्यायलं. तोपर्यंत मावशी पेल्यासाठी थांबल्या.